दारातला पांढरा शर्ट

सांगली, ९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

भाची सिनेमाचं शिक्षण घेतेय हे तुम्ही निम्म्या औंधाला सांगितलंय, असं कानावर आलं. आता त्या बढाईला जागा. आमच्या मॅडमनी एका खुनाच्या सिनेमाची पहिली चार मिनिटं दिली आहेत. त्यात कॅमेरा कुठे ठेवलाय, आवाज काय करतो, उजेड कुठून येतो, हे लिहायचं आहे. रविवारी मिलिंददादा तिकडे येतोय, त्याच्याजवळ पेन ड्राइव्ह देते. टीव्हीला लावून पाहा. टॉकीजच्या ऑपरेटर खोलीत एकतीस वर्षं काढलेला माणूस घरात असताना मी पुस्तकं कशाला धुंडाळू?

फोनवर नको, लिहूनच कळवा. फोनवर तुमचा निम्मा वेळ ‘जेवलीस का’ यातच जातो. चौकटीवर आपटलेला डावा पाय आता कसा आहे? मामीला जय भीम.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.
तुमची माया

औंध, १६ जानेवारी २०२५

चि. माया हिस अ. आ.

पाहिलं. एकदा नाही, तीनदा. मामी असले सिनेमे बघत नाही, ती स्वयंपाकघरातून ‘बंद करा ते’ म्हणून ओरडत होती.

आता लिहून घे. बाई मशीनवर शिवतेय आणि कॅमेरा खाली पायडलजवळ ठेवलाय. म्हणून आधी तिचे पाय दिसतात, आणि पायांना बिचाऱ्यांना मागे काय चाललंय ते कळत नसतं. उजेड एकाच बल्बचा, तोही सुईवर आणि उजवीकडच्या कात्रीवर. बाकी खोली काळोखात. पण खरी करामत आवाजाची आहे. मशीनची खटखट अशी लावलीय की आपण तिला सरावतो. मग बाईच्या बोटात सुई जाते, मशीन थांबतं, आणि मागे कुणाचा तरी श्वास चालूच असतो. तिथं माझ्या अंगावर काटा आला.

आणि माणूस कुठेच दाखवलेला नाही. न दाखवता घाबरवलंय, यात दिग्दर्शकाची हुशारी आहे. हे ठणकावून लिही, मॅडम खूश होतील.

पाय बरा आहे. चौकटच अरुंद, तिला कोण काय करणार? वेळेवर जेवत जा.

तुझा मामा,
सोपान

सांगली, २७ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं ठणकावून लिहिलं. मॅडमनी वर्गात पुन्हा तो सिनेमा लावला. मामा, पहिल्या क्षणापासून डावीकडच्या दारात पांढऱ्या शर्टातला माणूस उभा आहे. बाहेरच्या ट्यूबचा उजेड थेट त्याच्यावर पडतो. तो सगळ्यांना दिसतो, एका शिवणाऱ्या बाईला सोडून. भीती तिथेच आहे, असं मॅडम म्हणाल्या.

खरं सांगू? मला तो पहिल्याच वेळी दिसला होता. पण तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मी म्हटलं, खुंटीला अडकवलेला शर्ट असेल. तुमचं चुकेल हे मनातच आलं नाही.

घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. पायडल, सुई, कात्री. सगळं मधलं नाहीतर उजवीकडचं. डावीकडचं एकही नाही. आणि पाय आपटला तोही डावाच. तुमच्या काळजीनं मला झोप लागत नाहीये. शनिवारी दादा तुम्हाला घ्यायला येईल, इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आढेवेढे घेतलेत तर हे सगळं मामीला फोन करून सांगेन.

मार्कांचं मनाला लावून घेऊ नका. मॅडम पुन्हा लिहायला देणार आहेत.

रागावलात तरी चालेल, पण या.
तुमची माया

औंध, ६ फेब्रुवारी २०२५

चि. माया हिस अ. आ.

डॉक्टर काय म्हणाले ते तू शेजारी बसून ऐकलंस. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. गेलं ते येणार नाही, राहिलंय ते रोजच्या थेंबांनी टिकेल. तिथं जे बोललो नाही ते लिहितोय.

मला माहीत होतं. दीड वर्ष झालं, डावीकडून काहीतरी खात चाललंय. आधी वाटलं टीव्हीच खराब, त्याची काच पुसत बसायचो. मग कळलं, पण सांगवेना. जन्मभर लोकांसाठी पडद्यावरचं चित्र नीट लावलं, आता माझंच कापलं जातंय हे कुणाला सांगू? भीती वाटत होती, पोरी. तू पकडलं नसतंस तर गप्प बसून उरलेलंही घालवलं असतं.

मामीला घरी आल्याआल्याच सगळं सांगितलं. ती रडली, मग एवढंच म्हणाली, “आवं, मला न्हाई सांगायचं, तर कुणाला सांगायचं?” सकाळ-संध्याकाळ थेंब तीच घालते. नेम चुकतो तिचा, निम्मे गालावरच पडतात.

आणि आता रोज टीव्ही लावला की ती कामं टाकून माझ्या डाव्या हाताला येऊन बसते. तिकडं काय चाललंय ते सांगत राहते. कोण आलं, कुणी साडी कसली नेसलीय, कोण खोटं बोलतंय. त्यातलं निम्मं सिनेमात नसतंच. मी सगळं ऐकून घेतो.

तुझा मामा,
सोपान