आईची खुर्ची मीच ढकलणार

१२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण डॉक्टरीणबाई. रिपोर्ट बघून म्हणाल्या, कोलेस्टेरॉल जास्त, बीपी जास्त, सिगारेट जास्त, जागरण जास्त. कमी आहे ते फक्त चालणं. वडील पन्नाशीत हार्टने गेले, हे मीच सांगून बसलो. नडलं.
जानेवारीत आईला उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला न्यायचंय. तिचे गुडघे गेलेत. व्हीलचेअर मी स्वतः ढकलणार, भाड्याचा माणूस लावणार नाही, असं सगळ्या बहिणींसमोर बोलून बसलोय. बाई म्हणाल्या, मग रोज चाला. चालू. कुवेतचा हिवाळा म्हणजे चालण्यासाठीच केलेला.

१३ नोव्हेंबर, सकाळ
धूळ. अशा हवेत चालणं फुप्फुसांना वाईट. खिडक्या लावून घेतल्या आणि एक सिगारेट ओढली.

१५ नोव्हेंबर
समुद्रावर चालायला गेलो. गाडीने. पार्किंग लांब मिळालं असतं तर तेवढंच चालणं झालं असतं, पण नेमकी जवळची जागा रिकामी. चहाच्या दुकानासमोर हॉर्न दिला. पोऱ्याने गाडीत कडक चहा आणून दिला, साखर ढीगभर. परत पाठवणार होतो, पण बिचाऱ्याला पुन्हा हेलपाटा. काच खाली करून समुद्राची हवा मात्र भरपूर घेतली.

२० नोव्हेंबर
चालायचे बूट आणले. महाग, पण तब्येतीपुढे काय! बायको, लुल्वा, म्हणाली, बूट चालत नाहीत, माणसाला चालावं लागतं. तिला तयारीचं महत्त्व कधी कळलंच नाही.

२७ नोव्हेंबर
बू राकानच्या दिवाणियात, म्हणजे जिथे आम्ही मित्र रोज संध्याकाळी बसून असतो तिथे, जाहीर केलं: सिगारेट बंद. सगळे खूश. मला इथे थोरल्या मुलावरून बू गानिम, म्हणजे गानिमचा बाप, म्हणतात. बू राकान म्हणाला, शाबास रे बू गानिम, तुझ्या निश्चयाच्या नावाने बकरा कापतो! कापलाच. आता माझ्याच मानाचं मटण, भातावर तुपाची धार; पानावरून उठलो असतो तर यजमानाचा अपमान. खावं लागलं. दोनदा. मग एक सिगारेट, पचनापुरती.

६ डिसेंबर
वाळवंटात तंबू ठोकलाय. मोकळी हवा, कबाब, पहाटेपर्यंत पत्ते. वाळूत पाय रुततात, मेहनत दुप्पट होते. म्हणून गाडीपासून तंबूपर्यंतचं चालणं दुप्पट धरलं.

१४ डिसेंबर
खुर्ची घरी आली. आईला बसवून अंगणापर्यंत सराव केला. उंबरठ्याशीच धाप लागली. छाती आवळल्यासारखी झाली. म्हटलं, गॅस. आईने मान वळवून पाहिलं. म्हणाली, बद्र, तुझे वडीलही गॅसच म्हणायचे.
मी खुर्ची तशीच घरात वळवली. खरं सांगायचं तर घाबरलो. इथे कोण वाचतंय!

१५ डिसेंबर
ठणठणीत. गॅसच होता.

२ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी आज बोलावलं होतं. गेलो नाही. आकडे सुधारले की जाईन, उगाच त्यांना वाईट वाटायला नको. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्याही मक्केहून परत आल्यावर सुरू करेन. प्रवासात नवं औषध नको. दमल्यासारखं वाटतं हल्ली. हवा बदलली की बरं वाटेल.

११ जानेवारी, मक्का. हॉस्पिटल
काबाभोवतीच्या प्रदक्षिणा कशाबशा झाल्या. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या; त्यातल्या दुसऱ्याच फेरीत पाय थांबले. घाम, छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी. आई खुर्चीतून उठली. म्हणाली, बस. मी म्हटलं, आई, लोक बघतायत. म्हणाली, बघू देत, बस.
बसलो. आई मला ढकलत प्रथमोपचाराच्या खोलीकडे निघाली. तिचे गुडघे कटकट वाजत होते, मला ऐकू येत होतं. वाटेत एक तरुण धावत आला. म्हणाला, आजी, द्या इकडे, आजोबांना मी नेतो. आई म्हणाली, आजोबा नव्हे रे, मुलगा आहे माझा. खुर्ची काही तिने सोडली नाही.
इथल्या डॉक्टरांना सांगितलं की आता रोज चालेन. ते म्हणाले, तूर्तास पलंगावरून उतरायचं नाही. उद्या अँजिओग्राफी.
आई शेजारी बसलीय. तिच्या फेऱ्या अर्ध्यावर राहिल्या, त्याची लाज वाटते. त्या आता कशा करणार, विचारलं. म्हणाली, भाड्याचा माणूस ठरवलाय मी. तू झोप.