बदामी अँबेसेडर आणि साडूचा माज

९ एप्रिल
लेकीचा, कोमलचा साखरपुडा झाला. जेवण उत्तम. व्याही खूश. तरी माझं डोकं तापलेलं. कारण एकच, शेषराव. माझे साडू, हट्टा गावचे.

जेवणानंतर सगळ्यांना अँबेसेडर दाखवायला अंगणात नेलं. महिनाभर खपून मी स्वतः रंगवली आहे. बदामी. बॉनेटच्या आतला एक बोल्टसुद्धा सोडला नाही. ऐटीत चावी फिरवली. घर्र... थांबली. घर्र... थांबली. एखादा म्हातारा खाटेवरून उठतो तशी. त्यावर शेषराव सगळ्यांदेखत म्हणाला, साडूभाऊ, ही चालू व्हईस्तोवर कोमलच्या लेकराचं बारसं उरकंल! व्याही हसले. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

मी सूड घेणाऱ्यातला नाही. पण याला सोडणार नाही.

निश्चय: ३० तारखेला कोमल याच गाडीतून पुसेगावला सासरी जाईल. मी चालवीन. तिची शाळा, तिचा ताप, तिची बारावीची परीक्षा, सगळं या गाडीच्या मागच्या सीटवर झालंय. शेषराव रस्त्याच्या कडेला उभा राहून बघेल.

१२ एप्रिल
नवी बॅटरी टाकली. घर्र... थांबली. चौकशीअंती कळलं, बॅटरीवाला शेषरावला ओळखतो. तसं शेषरावला सगळेच ओळखतात. पण मी दुधखुळा नाही.

१५ एप्रिल
स्टार्टर काढून इस्माईलच्या गॅरेजला नेला. त्यानं कार्बन बदलले, बुश बदलले, टेबलावर ठेवून वायर लावली. सुंईऽ करून फिरला. इस्माईल म्हणाला, बघा, घोड्यावानी पळून राहिला. गाडीत बसवला. घर्र... थांबली. म्हणतो, तकलीफ स्टार्टरमधी न्हाई साहेब. मग कशात आहे? म्हणे बघावं लागंल. इस्माईलवर लक्ष ठेवणे.

१७ एप्रिल
लग्नपत्रिका छापायला टाकल्या. शेषरावचा काटा काढला. प्रेषकांच्या यादीतून नाव उडवलं आणि अगदी खाली, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ याच्या शेजारी टाकलं. सृष्टी, रुद्र, शेषराव. बसा म्हणावं बोट चोखत.

१९ एप्रिल
पत्रिका हट्ट्याला पोचली. शेषरावचा फोन. पोट धरून हसत होता. म्हणाला, साडूभाऊ, तुमी मला लेकरात धरलं, लई बरं वाटलं. गावभर दाखवून राहिलो!
निर्लज्ज माणसाचा अपमान करणं फार अवघड.

२२ एप्रिल
मोबाईलवर व्हिडिओ बघितला. स्टार्टर सुस्त फिरण्याचं कारण म्हणे अर्थिंग. बॅटरीची जी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडतात, त्या बोल्टखाली रंग असला की करंट नीट जात नाही. रंग खरवडा, पत्रा उघडा करा, काम झालं.
आपल्याला लागू नाही. तो हलक्या रंगाबद्दल बोलत होता. मी दोन हात मारलेत, उत्तम प्रतीचे.

हिला सहज सांगितलं. ही म्हणाली, मग तेवढा रंग खरडून काहून बघत न्हाई तुमी? बायकांना फिनिशिंग कळत नाही.

२५ एप्रिल
घर्र... थांबली. कोमल बाजूला उभी होती. म्हणाली, पप्पा, न्हाई झाली चालू तरी चालंल, दुसरी गाडी करू. मी म्हटलं, तू याच गाडीतून जाणार. जरा ओरडूनच म्हटलं. नंतर वाईट वाटलं. तिला ओरडायला शेषरावनंच भाग पाडलं. हेही त्याच्या खात्यावर.

२९ एप्रिल
हळद. शेषराव सहकुटुंब मुक्कामी, नवी पांढरी जीप घेऊन. आल्या आल्या बाह्या सरसावून पंगतीत वाढायला लागला. सगळे शेषराव, शेषराव करत होते. पोरगी माझी की याची?

दुपारी सगळे हळदीत असताना एक विचार सुचला. व्हिडिओ वाया का घालवा? उरलेल्या रंगाचा डबा काढला. जिपेचं बॉनेट उघडलं, अर्थिंगचा बोल्ट खोलला, खाली जाड हात मारला, वायर परत बसवली. उद्यापर्यंत वाळेल. फार दिवसांनी दोन वेळचं अन्न गोड लागलं.

३० एप्रिल
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

लग्न लागलं. पाठवणी. कोमल आणि जावई मागच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली. घर्र... थांबली. शेषराव धावत आला. म्हणाला, थांबा, जीप म्होरं लावतो, दोरीनं वढून काढतो. जिपेत बसून त्यानं सेल मारला. घर्र... थांबली. मला इतकं बरं वाटलं की मोठ्यानं हसू आलं. बँडवाले वाजवायचे थांबले. दोन गाड्या एका सुरात कण्हत होत्या.

शेषरावनं बॉनेट उघडलं. वायर हलवली, बोल्ट खोलला. खाली बदामी रंग. पांढऱ्या जिपेत.

लोक जमले होते. कोमलही उतरून आली. तिनं बोल्टाकडं बघितलं, मग अँबेसेडरकडं. शेषरावनं विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर होतं. त्यानं पान्याच्या टोकानं रंग खरवडला, जीप चालू केली. मग आला आणि माझं बॉनेट उघडून तिथंही तेच केलं. म्हणाला, मारा सेल.

अँबेसेडर झटक्यात चालू झाली.

मी उतरून मागचं दार उघडलं. कोमल जवळ आली. वाकून पाया पडली. हळूच म्हणाली, पप्पा, मी काकांच्या जिपेत जाते.

२ मे
मांडव सोडून नेला. शेषरावचा फोन आला होता. उचलला नाही.
गाडी आता बोट लावलं की चालू होते. सकाळपासून चार-पाचदा करून बघितली. ही आतून म्हणाली, कुठं निघून राहिले?
म्हटलं, कुठं न्हाई.