दातवणाएवढी काठी

पोर्ट सईद, शनिवार
ईद होऊन पंधरवडा झाला

रिफअत, माझ्या आईच्या पोटच्या,

आणि वर मलाच सांगतोस, ‘ताई, नुसतं तोंडाने म्हण, मनात काय आहे ते कोण बघतंय?’ मशिदीचा इमाम तू. दर शुक्रवारी भोंग्यावरून खोटं बोलू नका म्हणून सांगणार तू. आणि सख्ख्या बहिणीला निरोप धाडतोस, स्वतःच्या लेकीच्या मेंदीला यायचं असेल तर आधी दारात चार बायकांसमोर कलमा म्हण, मग आत पाऊल टाक. बरं, निरोप कोणाबरोबर, तर मायक्रोबसवाल्या अवदबरोबर. त्याने तो स्टँडवर, माझ्या कारखान्यातल्या पोरी उभ्या असताना, खणखणीत आवाजात सांगितला. वर आपली अक्कल, ‘मावशी, म्हणून टाका की. कलम्याला तिकीट लागत नाही.’

तुम्ही सगळे बरे असालच. मी बरी आहे. शिवणकारखान्यात कपड्यांचे लोंबते धागे कापते. पाठ दुखते, पण खोली माझी आणि किल्लीही माझीच. माझ्या भावजयीला, समीहाला सांग, इथे बोरी मासा असा ताजा मिळतो की तोंड उघडून बघतो आपल्याकडे. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. चाळिशीनंतर अक्षरं गिरवली, तेव्हा वाकडी दिसणारच. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

गावात काय बोलतात ते माझ्यापर्यंत येतं. कोणी म्हणतं, दृष्ट लागली. कोणी म्हणतं, पोर्ट सईदला हिला कोणी ख्रिस्ती बाप्या भेटला. शाबानसारख्या नवऱ्याची अंतर्वस्त्रं धुण्यात माझी बाप्याची हौस फिटली आहे, असं त्यांना सांग. पण आत्या म्हणते ते ऐकण्यासारखं आहे. ‘शाबान जिवंत होता, मारत होता, तेव्हा हिने एक नमाज चुकवली नाही. आता तो मातीत गेला, सुखाने बसायचं, तर हिला धर्म सोडायचं सुचलं.’

आत्या बरोबर बोलते. शाबानने मारलं म्हणून मी सोडलं नाही. शाबान वाईट होता, वाईट माणूस कुठेही निपजतो. मार खाऊन मी तोंड धुवायचे, नमाजला उभी राहायचे आणि म्हणायचे, देवा, तू तरी माझ्या बाजूचा आहेस. सगळा संसार त्या एका वाक्यावर रेटला.

मग कशाने सोडलं, ते तू समीहाच्या आडून पुन्हा पुन्हा विचारलंस. मी सांगितलं नाही. तुमच्याकडे राहत होते तेव्हा रमजानात तिने मला स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या चहा पिताना पाहिलं. रोजा माफ असण्याचं कारण शोधत हळूच म्हणाली, ‘ताई, पाळी आली का?’ मी म्हटलं, ‘पाळी केव्हाच गेली बाई, आता रोजाही गेला.’ बिचारीच्या हातून पळी पडली. तिला एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू मला घराबाहेर जायला सांगितलंस, तेव्हाही मी कपडे बांधले आणि गप्प निघाले. कडेवर घेऊन वाढवलेल्या पोराला हे सांगवेना.

आता सांगते. तुझ्यामुळे सोडलं.

करीमा आठवते ना, पंक्चरवाल्याची बायको. कान सुजवून तुझ्या दारात आली होती. तू तिच्या नवऱ्याला झापलंस, चांगलं केलंस. पुढच्या शुक्रवारी त्याच विषयावर प्रवचन केलंस. मी गच्चीवर पीठ मळत होते, शेजारणी भाजी निवडत होत्या. भोंग्यातून तुझा आवाज आला, आपल्या आईसारखा गोड. बायकोच्या तोंडावर मारू नका. हाड मोडेल, वळ उठेल असं मारू नका. आधी समजावा, मग अंथरूण वेगळं करा, आणि अगदीच वेळ आली तर मिसवाकाने, दात घासायच्या त्या दातवणाने, हलकेच.

बायका खूश. उम्म सब्री म्हणाली, ‘बघा, आपला शेख किती मऊ. दातवण ते केवढं, बोटाएवढं.’

दुसरी म्हणाली, ‘आमच्या धन्याच्या हातात दिलं तर तेही डोळ्यात घालेल.’

मी म्हटलं, ‘आणि नवरा चुकला तर बायकोने कशाने मारायचं? कोथिंबिरीच्या जुडीने?’

हसून हसून लोळल्या सगळ्या. मीही हसले. आणि हसता हसता माझे हात पिठातच थांबले.

कारण त्याला उत्तर नव्हतं, रिफअत. काठी किती जाड यावर एवढे विद्वान एवढी शतकं बोलत आले, आणि काठी मुळात एकाच्याच हातात का, हे राहूनच गेलं. शाबानने सांगितलं असतं तर म्हटलं असतं, मेला स्वतःच्या सोयीचं सांगतोय. पण सांगत होतास तू. समीहावर कधी हात न उगारलेला. झोपलेल्या मांजरीला वळसा घालून जाणारा. तुझ्याजवळ होती तेवढी सगळी दया तू त्यात ओतलीस, आणि तरी तळाला काठी उरलीच. म्हणजे ती शाबानने आणली नव्हती. आधीपासून तिथेच होती. आणि ज्याला मी माझ्या बाजूचा समजत होते, तो शाबानच्या शेजारी बसून काठीचं माप सांगत होता.

तू म्हणशील, अर्थ तसा नाही, अमक्याने असं लिहिलंय. असेल. कैरोच्या शिकलेल्या बायकाही म्हणे वेगळा अर्थ लावतात. त्यांना तिथे राहता येतं, त्यांनी राहावं. आपली आई मरेपर्यंत त्यात सुखी होती, तिच्याबद्दल मी ब्र काढणार नाही. मला राहता येत नाही, एवढंच. त्या दिवशी मी हात धुतले आणि नमाजला गेले नाही. रोट्या भट्टीत टाकल्या. छान फुगल्या.

आता रीहामचं. ती मला तुझ्या चोरून फोन करते, तिला रागावू नकोस. म्हणते, ‘आई, दोन शब्द आहेत, म्हण ना माझ्यासाठी. मामाचाही मान राहील.’ हे ऐकून दिवसभर माझी कात्री सरळ चालली नाही. तिच्यासाठी मी काय नाही केलं. पण पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरात जाणार, आणि आज तिने काय बघायचं? दारात उभी राहून आई भीतीने नको ते बोलते, मग तिला आत घेतात? तेच बघून मी मोठी झाले. तिला ते दाखवणार नाही.

मी गुरुवारी येते आहे. काळा झगा घालीन, डोकं झाकीन, धर्माचा विषय काढणार नाही. कोणी विचारलंच तर खोटं बोलणार नाही. तू दार लावलंस तर समोर पंक्चरच्या दुकानापाशी बाकावर बसेन. येणारी प्रत्येक बाई विचारेल, नवरीची आई बाहेर का? त्याचं उत्तर तू दे. रीहाम ओल्या मेंदीच्या हातांनी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसेल, तिला तू ओळखतोस.

दार उघडणार की नाही, हे एक. दुसरं, शुक्रवारी निकाहानंतर तू नवऱ्या मुलाला, तामेरला उपदेश करशील. पोरगा चांगला आहे म्हणतात, तुझा शब्द मानतो. त्याला तू काय सांगणार? हलकेच मार म्हणून, की मारू नकोस म्हणून? मधलं काही मला नको.

तुला चालायला शिकवणारी,
अतियात

मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन्हींचं उत्तर हवं. तुझ्या हाताने लिहिलेलं.