मेथी उलटी धरणारा उमेदवार

१७ जानेवारी २००२, संध्याकाळ

पहिल्यांदाच नगरसेवकाला उभा राहिलेला तो उमेदवार आज आईच्या भाजीच्या पाटीपाशी आला. पत्रकात छापलंय, लहानपणी बाजारात भाजी विकली. मग मेथीची जुडी पानांकडून कशी धरली? विकणारा मुळांकडून धरतो, पानं मळतात ना! मी गावभर भटकतो, तरी मला एवढं कळतं.

आई हसली. "भाऊ, उलटी धरली."

"मावशी, निवडून आलो की तुम्हाला पक्के ओटे. मागच्या गल्लीत."

मागच्या गल्लीत? तिथं कुत्रं फिरकत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? रस्त्यावरून उठवलं तर आम्ही खायचं काय? भाजी विकलेला माणूस असं बोलेल?

आई मात्र ओट्यावर खूश. म्हणते, "जुडी धरायचं विसरला असेल रे."

ती मळलेली जुडी कुणीच घेतली नाही. आत्ता चुलीवर तीच शिजतेय.