सतरा नंबरची जोडी

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

चार हॉल! एका दिवसात चार! पायांचे तुकडे पडले. नणंदबाईंचं लग्न म्हणून आख्खं पेण पालथं घातलं आणि सरूला एकही पसंत नाही. एस.टी. स्टँडजवळच्या हॉलात मधोमध खांब – "मागच्या लोकांना स्टेज दिसनार नाय, वयनी." दुसरा वरच्या मजल्यावर, सासूबाईंना जिना चढवेना. तिसऱ्याच्या शेजारी गणपतीचा कारखाना, बारा महिने रंगाचा वास. चौथ्यात काय खोट होती ते तिलाच ठाऊक.

मी पिशवी घेऊन मागे मागे. मनात म्हटलं, बाई, आम्हांला कुणी विचारलं होतं का, खांब चालेल की नाही?

सोमवार, ९ नोव्हेंबर

आमचं लग्न रोह्याला, शाळेच्या मैदानात. सामुदायिक! एका मांडवात एकतीस जोडपी. बाबांनी मला न विचारताच नाव घातलं होतं. पदराला बिल्ला लावला – सतरा. चौथीच्या वर्गात एकतीस नवऱ्या साड्या नेसत होत्या आणि आरसा एक, तोही तडकलेला. लाऊडस्पीकरवर नाव नाही, नंबर. "सतरा नंबर, पुढे या!" रेशनच्या रांगेसारखं.

नऊ वर्षं झाली. अंगणवाडीत हजेरी घेताना मी पोरांना नंबराने कधी पुकारत नाही. मुद्दाम.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज रोह्याचा हॉल. कुंडलिकेच्या काठाला. एकच मोठं स्टेज, खांब नाहीत, खिडकीतून वारा. आणि एक वेगळी खोली, दारावर पाटी – वधूकक्ष. आत माणसाएवढा आरसा! सरू त्याच्यासमोर उभी राहिली, हसली, गिरकी घेतली. तिच्या मागे मीही दिसत होते – अंगणवाडीची साडी, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

जळले मी. इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकते. जळले.

मॅनेजर हैबतराव म्हणाले, सात फेब्रुवारी तुमच्यासाठी धरून ठेवतो, दुसरी पार्टी आली तर आधी फोन करीन. घरी फोन नाही, म्हणून सासूबाईंनी कान्हूच्या दुकानाचा नंबर दिला. अंगणवाडीला लागूनच आहे. "आमची सून असते तिथं."

गाडीत मी कन्यादानाचं विचारलं. सासरे नाहीत, कुणीतरी बसायला हवं. सासूबाई म्हणाल्या, "बघू गो." म्हणजे पेणचे काका-काकू! आम्ही आहोतच पिशव्या धरायला.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दुपारी कान्हूने हाक मारली. फोनवर हैबतराव. "दुसरी पार्टी समोर बसलीय. उद्या संध्याकाळपर्यंत येऊन पक्कं करा, नायतर सात तारीख त्यांना देतो."

"सांगते घरी," म्हटलं.

बुधवार, १८ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

हे डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून परस्पर रोह्याला गेले होते, हॉल पक्का करायला. हात हलवत परत. हैबतराव जागेवर नव्हते, दुसऱ्याच माणसाने वही उघडून दाखवली – सात तारखेवर भलत्यांचं नाव! सासूबाईंनी हैबतरावांचा उद्धार केला. मीही केला. माझाच आवाज सगळ्यांत मोठा! "एक फोन करायला काय झालं होतं?" असंसुद्धा म्हणाले. माझी मलाच कमाल वाटली.

सरूने ताट तसंच ठेवलं. मी भात दोनदा घेतला.

शनिवार, २१ नोव्हेंबर

सरू दिवसभर नागोठण्याला, मैत्रिणीकडे. कालचा आनंद आज शोधतेय, सापडत नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

दुपारी तांदूळ निवडत होते. सरू येऊन समोर बसली. मूठभर तांदूळ घेतले, नुसते हातातच धरून बसली.

"वयनी, रागावनार नाय ना? एक सांगायचं हाय. आई म्हनते कधी सांगू नको."

"बोल की."

"तुमच्या लग्नात मी अकरा वर्सांची. आमाला दोरीच्या मागं उभं केलेलं. गर्दीत काय दिसंना. सगल्यांनी टाकल्या तशा मी अक्षता टाकल्या. आईनं टाकल्या, काकांनी टाकल्या. मंगलाष्टकं संपली तवा कललं, समोर चोवीस नंबरची जोडी! तुम्ही पार दुसऱ्या टोकाला. आपल्या घरचा अक्षतेचा एक दाना तुमच्यावर पडला नाय, वयनी."

मी सूप खाली ठेवलं.

"आई नऊ वर्सं मनात ठेवून हाय. म्हनून मला तो हॉल पायजे होता. एकच स्टेज, मधी खांब नाय. कन्यादानाला तू नि दादा बसायचं, सगल्यांना दिसलं पायजे. आन् त्या आरशासमोर आधी तू नटायचं, मग मी."

काय करून बसले मी! मागच्या दारी जाऊन भांडी घासली – घासलेलीच पुन्हा घासली. सतरा नंबर, सतरा नंबर करत नऊ वर्षं स्वतःला कुरवाळत बसले. आणि ती पोर नऊ वर्षं मुठीत तांदूळ धरून होती.

उद्या रोह्याला जाते. हैबतरावांच्या पाया पडते, पण कुठलीतरी तारीख मिळवते. घरी कुणाला सांगणार नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर

अंगणवाडीला दांडी. आमच्या कासूहून पहिली गाडी धरली.

हैबतराव मला बघून हसले. "या! चौदा तारीख ठेवलीय तुमच्यासाठी. सरूबाई येऊन गेल्या ना. मी सांगितलं त्यांना, तुमच्या वयनीला फोनवर सगलं बोललो होतो म्हणून. काय रागावल्या नाय. म्हणाल्या, चौदा धरून ठेवा, वयनी येईल पक्कं करायला."

कधी आली होती, मी विचारलं.

शनिवारी.

अक्षतांचं तिने मला सांगितलं रविवारी.