पेल्यावरचं पांढरं कापड

४ फेब्रुवारी

आज पेला चढवला! उत्तरेच्या बाजूला, गोलच्या मागे, घड्याळाच्या बरोबर खाली. दोन मजली उंच. वर फेस, काचेवर थेंब, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत — 'सोडा'. मी शिडीवर, नाक थेट फेसाला टेकलेलं. खालून साहेब ओरडतायत, "डावीकडून घे, अजून वर घे!" मी वर घेतोय आणि तोंडाला पाणी सुटलंय. फ्लेक्सला! छापलेल्या कापडाला! माझी मलाच लाज वाटली.

कंपनीचा माणूस आला होता, चकचकीत बूट घालून. त्याला म्हटलं, "सोड्याला एवढा फेस येतो होय?" तो हसला. "काका, आम्ही फक्त सोड्याची जाहिरात करतो." अख्ख्या स्टेडियममधे एकाही टपरीवर हा सोडा मिळत नाही. वरच्या काचेच्या गॅलरीत मिळते ती दुसरीच गोष्ट. मला कोण शेंडी लावतोय? त्या नावावर माझं अर्धं आयुष्य गेलंय.

५ फेब्रुवारी

दारू सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घ्यावीशी वाटली की वहीत लिहा. तसं बघितलं तर आज कामावर जायलाच नको होतं, लिहीतच बसायला हवं होतं.

भेटेल तो विचारतो, सोडून किती दिवस झाले? मी मोजत नाही. मोजायला लागलो की आता एवढे झाले, एखादा खर्च करायला हरकत नाही असं वाटतं. मी मला चांगला ओळखतो.

९ फेब्रुवारी

सतरा वर्षांखालच्या मुलींची फायनल आमच्या मैदानावर! फळ्यावर दोन्ही संघांची नावं वाचली. एकात माझी पोरगी आहे. गोलकीपर!

संध्याकाळी धीर करून फोन लावला. तिने उचलला, हेच नवल.

"तुम्ही येऊ नका, बाबा."

"अगं, मी तिथेच कामाला आहे."

"मग काम करा. पुढे येऊ नका."

बरोबर आहे तिचं. शाळेच्या सामन्याला झोकांड्या खात मैदानात उतरलो होतो, तिला मिठी मारायला. सगळी शाळा बघत होती. बायको तिला घेऊन त्याच आठवड्यात भावाकडे गेली, ती गेलीच.

पुढे नाही जाणार. शिडीमागून बघीन. तिला कळणारही नाही.

११ फेब्रुवारी

नियमवाल्या मॅडम आल्या होत्या. मैदानांच्या परवानग्या यांच्याच हातात. पेल्यासमोर उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. "मुलांचा सामना असेल त्या दिवशी दारूची एकही जाहिरात मैदानात दिसता कामा नये."

साहेब म्हणाले, "मॅडम, सोडा आहे तो."

"नाव तेच, रंग तोच, पेला तोच. मी काय दूधखुळी आहे का? उतरवा नाहीतर झाका. दिसला तर परवानगी रद्द."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. उतरवला तर कंपनी ओरडणार. मग ठरलं — झाकायचा.

मला मात्र शिडीवर नाचावंसं वाटत होतं! पोरगी गोलमधे उभी राहणार आणि तिच्या डोक्यामागे तो पेला — मला ते बघवलंच नसतं. तिने घरात काय कमी पेले बघितलेत? ज्याने कोणी हा नियम केला त्याचं भलं होवो. म्हटलं, साहेब, झाकायचं काम माझ्यावर सोडा.

१४ फेब्रुवारी

स्टोअरमधे काळी ताडपत्री काढली. उंदरांनी कुरतडलेली, वर ऑइलचे डाग. स्टोअरवाला म्हणाला, "आजवर हीच टाकतोय, कोण बघतंय?" कोण बघतंय म्हणे! माझी पोरगी बघणार आहे.

शेजारच्या खोक्यात बक्षीस समारंभाची पांढरी कापडं होती. धुऊन परत देतो म्हणून घरी आणली. दोनदा धुतली, दोरीवर मावेनात म्हणून गच्चीवर वाळवली, एकाला एक शिवून जोडली, वर इस्त्री! फेज बघायला आला — आमचा इलेक्ट्रिशियन, सगळे त्याला फेजच म्हणतात. दारात उभा राहून हसायला लागला. "एवढी इस्त्री तर तू स्वतःच्या लग्नातल्या कपड्यांनाही केली नसशील!"

म्हटलं, तेव्हा शुद्धीत होतो कुठे? दोघंही पोट धरून हसलो. खूप दिवसांनी.

१७ फेब्रुवारी, दुपार

झाकला! एक सुरकुती नाही. लांबून बघितलं तर भिंतच वाटते. मॅडम सकाळी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "वा, छान." मला छान म्हणाल्या!

मुली मैदानात उतरतायत. तिने हिरवे हातमोजे घातलेत. उंच झालीय.

१८ फेब्रुवारी

अक्षर लागत नाही. पण लिहिलं नाही तर आज मी बाहेर पडणार, आणि बाहेर पडलो तर संपलंच.

काल सामना बरोबरीत होता. जादा वेळ दिला. ऊन गेलं. आमच्या खात्याचं काम पाचला संपतं — दिवसा बोर्ड आमचे, अंधारात वीजवाल्यांचे. इतकी वर्षं बोर्ड चढवतोय, पण झाकलेला बोर्ड अंधारात मी कधी बघितलाच नव्हता. कोणीच नव्हता बघितला! मुलांचे सामने उन्हातच संपतात. आणि असते ती काळी ताडपत्री, तिच्यातून काय दिसणार?

उजेड कमी झाला की पेल्याच्या आतले दिवे आपोआप लागतात. लागले. आणि माझं पांढरं, धुतलेलं, इस्त्री केलेलं कापड म्हणजे सिनेमाचा पडदाच झालं! पिवळाधमक पेला, फेस, थेंबनथेंब. झाकला नव्हता तेव्हाही एवढा उठून दिसत नव्हता. सगळं स्टेडियम हसलं. शिट्ट्या. कोणीतरी ओरडलं, "चिअर्स!" लोक मोबाइल वर करून शूटिंग करायला लागले.

पोरीने मागे वळून बघितलं. मग इकडेतिकडे. मलाच शोधत होती, शपथेवर सांगतो.

मी धावत फेजकडे. "बंद कर!" तो म्हणाला, "घड्याळ आणि पेला एकाच बटणावर आहेत. वेगळे करून द्या म्हणून कधीचा साहेबांच्या मागे लागलोय. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." साहेब वर गॅलरीत, कंपनीच्या माणसाबरोबर. फोन उचलेनात.

मग मी शिडी लावली. वर गेलो आणि जोडणीच उपटली. पेला विझला. घड्याळही विझलं. रेफरीने शिट्टी मारून सामना थांबवला. घाईत उतरताना पाय सटकला, मी कापड धरलं, कापड फाटलं, आणि मी त्यात गुंडाळला जाऊन खाली. लागलं फार नाही. उठलो तर भोवळ आली. कापडात पाय अडकलेले, धड उभं राहता येईना. गोललाईनपासून चार हातांवर, सगळ्यांसमोर, मी डुलतोय.

"प्यायलाय!" पहिल्यांदा कोण म्हणालं माहीत नाही. मग सगळेच.

मी ओरडलो, "नाही प्यायलो! वास घ्या! या, घ्या वास!" तोंड उघडून एकेकासमोर गेलो. रक्षकांसमोर, रेफरीसमोर. जो तो मागे सरकला. वास घ्यायला कोणीच पुढे आलं नाही! पोरगी बघत होती. तिने हातमोज्यांनी तोंड झाकून घेतलं.

घड्याळ लागलं, सामना परत सुरू झाला. पहिलाच फटका तिच्या हातातून निसटला. हरले.

हे मी केलं. तिच्यासाठी जीव ओतून कापड धुतलं आणि हे केलं.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज गोड! "तू प्यायला होतास असं लिहून दे."

"मी नव्हतो प्यायलो, साहेब."

"मला माहितीय रे. पण माणूस प्यायलेला होता म्हटलं की तो अपघात. नाहीतर मैदानाची चूक. परवानगी गेली तर इथल्या सगळ्यांच्या पोटावर पाय. तुझी तशीही ख्याती आहेच."

"आणि नाही दिलं लिहून तर?"

"तर आम्ही लिहू."

सही केली नाही. गेटवर माझा पास काढून घेतला.

२० फेब्रुवारी

फेज फोन उचलत नाही. सामन्याच्या दिवशी दिवसभर माझ्याबरोबर होता, एका डब्यात जेवलो. त्याने एक शब्द सांगितला असता! पण त्याचंही घर आहे, दोन लेकरं आहेत. राग तरी कोणावर काढू?

डॉक्टरीणबाई गावाला गेल्यात. पोरीचा फोन बंद. मेहुण्याला केला, तो म्हणाला, "आता पुरे झालं," आणि ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी

सगळ्या जगाने ठरवलंय की मी प्यायलोय. मग निदान पिण्याचं सुख तरी मला द्या!

२२ फेब्रुवारी

आणली. तीच, पेल्यावरची. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी!" आणि वर कंपनीचा छोटा पेला फुकट दिला.

टेबलावर ठेवलीय. फाटलेल्या कापडाचा एक तुकडा घरी आलाय, तो तिच्यावर टाकला. मागे खिडकी आहे. दिसतेच.

उघडलेली नाही. देवा, कोणीतरी या रे. कोणीही या. दूधवाला आला तरी चालेल.

२३ फेब्रुवारी

अर्धी संपली होती तेव्हा दार वाजलं.

पोरगी! खांद्याला खेळाची बॅग, धापा टाकत. दारातूनच बोलत सुटली. फेजकाका मामाकडे आले होते, मॅडमकडे जाऊन सगळं सांगून आलेत, बटणाचंही, साहेबांचंही. "तुम्ही प्यायला नव्हतात, बाबा. आणि मी तोंड झाकून घेतलं." रडत होती. मी भिंतीला चिकटून लांब उभा, तोंड घट्ट मिटून. तिला वाटलं मी रागावलोय. लहानपणी बाहेरून आलो की आधी माझ्या तोंडाशी नाक आणायची, मगच कडेवर यायची. आज म्हणाली, "मी वास घेणार नाही. आता कधीच घेणार नाही."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. खिडकी उघडी होती, तिचं नाक रडून चोंदलेलं.

"घेतलीय," म्हटलं. "त्या दिवशी नव्हती. आज घेतलीय."

ती टेबलाकडे गेली, कापड उचललं. मी डोळे मिटून घेतले आणि जिन्यावर तिची पावलं वाजायची वाट बघत बसलो.

आत बेसिनमधे बाटली ओतल्याचा आवाज येतोय. ती गेली नाही.