नवव्या प्रश्नावर सांडलेली कॉफी

तीर्थरूप मामा यांस,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा निम्मा आत्ता स्वीकारा, उरलेला भेटीत घालीन.) गुडघे काय म्हणतात? मामी कशा आहेत? अजूनही तुमच्या हातात चहाचा ट्रे देत नाहीत का? गेल्या खेपेला मी आलो तेव्हा तुम्ही नुसते उठलात, तर आतून आवाज आला, "तुम्ही राहू द्या, अख्खा टँकर सांडलेला माणूस!" चौदा वर्षं झाली, पण मामी काही विसरायला तयार नाहीत. मी तेव्हा उगाच खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

पत्रास कारण असं की नवा नियम निघाला आहे. पातळ माल टाकीतून वाहायचा तर आता जड वाहनाचा परवाना पुरत नाही, त्यावर वेगळा शेरा लागतो. मालकांनी साफ सांगितलं, एक तारखेच्या आत शेरा आण, नाहीतर दुधाचा टँकर दुसऱ्याकडे देतो आणि तू विटांच्या ट्रकवर जा. विटा, मामा! ब्रेक मारला की जिथल्या तिथे मख्खासारख्या बसून राहतात, ना धक्का ना बोलणं. माझी तर झोपच उडाली.

परवाना कार्यालयात खिडकीमागच्या बाईंना म्हटलं, अहो, चौदा वर्षं दूध वाहतोय. तर म्हणतात, मोठ्याने बोलू नका, चौदा वर्षं शेऱ्याशिवाय वाहिलंत असा अर्थ होतो. मग लेखी परीक्षा. (लेखी म्हणायची, प्रत्यक्षात संगणकापुढे बसून चारांतला एक पर्याय दाबायचा.) पहिलाच प्रश्न, टाकी जास्त धोक्याची कधी, पूर्ण भरलेली असताना की अर्धी? अर्धी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मला कुठलं राहवतंय! शेजारी एक पेट्रोलवाला घाम पुसत बसला होता, त्याला समजावून सांगायला लागलो की तुमच्या टाकीत आडव्या भिंती असतात, आमच्या दुधाच्या टाकीत नसतात, कारण कोपरे धुता येत नाहीत आणि दूध नासतं, म्हणून गाडी थांबली तरी दूध थांबत नाही, पुढे आपटतं, मागे जातं, परत येतं. ते परत यायच्या आत मला बाहेर काढलं. पेट्रोलवाला पास झाला. दुसऱ्या खेपेला तोंडावर रुमाल घट्ट धरून बसलो, तेव्हा कुठे सुटलो.

राहिली गाडी चालवायची परीक्षा. परीक्षक मॅडम माझ्या थोरलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील-नसतील. कॉफीचा काठोकाठ भरलेला कागदी पेला समोर ठेवला आणि म्हणाल्या, चला काका. मामा, दोन वळणं, एक चढ, एक पूल, पण पेल्यातून थेंब नाही! तुम्ही शिकवलंत तसंच, ब्रेक आधी, वळण मग. सिग्नलला थांबलो आणि सवयीने ब्रेकवर पाय दाबून एक, दोन, तीन मोजत बसलो. सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे वाजायला लागले.

"काका, डोळा लागला का?"

"दुधाचा धक्का येऊन जाऊ दे, मॅडम."

"टाकी रिकामी आहे."

कपाळाला हात लावायला हात मोकळा नव्हता. पण मॅडम हसल्या, म्हणाल्या, असं मोजायला कोणी शिकवलं? मी छाती फुगवून सांगितलं, मामांनी. गाडी पुढे निघाली, तसा त्यांनी माझा फॉर्म मांडीवर घेतला. प्रश्न नववा, तुमच्या हातून माल कधी सांडला आहे का? तिथे मी 'नाही' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "एकदाही नाही?" मी म्हटलं, "नाही," आणि कोण जाणे कसा, माझा पाय ब्रेकवर असा आदळला की सगळी कॉफी फॉर्मवर. चौदा वर्षांतला पहिला धक्का, तोही रिकाम्या टाकीने!

मॅडम रागावल्या नाहीत, हेच वाईट. फॉर्मवरची कॉफी झटकत म्हणाल्या, गाडी छान चालवता, एका धक्क्याला नापास करणार नाही, नवा फॉर्म भरून आणा, शेरा मारते. नवव्याला 'हो' असेल तर मात्र प्रकरण समितीपुढे जातं, आणि समिती काय ठरवील ते सांगता येत नाही. तर आठ रकाने भरून झाले आहेत, नववा तेवढा कोरा आहे. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमचा भाचा

ता. क. नववा कोरा आहे हे वर लिहिलं ते खोटं. तिथे 'हो' लिहिलं आहे. चौकात टँकर आडवा झाला तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. तुम्ही शेजारून "हळू" म्हणालात, मी ऐकलं नाही. मालकांना तुम्ही सांगितलंत की गाडी तुम्हीच चालवत होतात, आणि गाडी सोडून निवृत्तीपर्यंत मालकांच्याच फाटकावर राखणीला बसलात. मी तुमची गाडी घेतली आणि गप्प राहिलो. लाज वाटते, मामा. माल सांडला तेव्हा सोबत असलेल्या माणसाची सही लागते म्हणून फॉर्म पाठवतो आहे, पेन्सिलने फुली केली आहे तिथे करा. आणि 'भाचा लहान होता' वगैरे काही शेजारी लिहू नका, मी सत्तावीस वर्षांचा घोडा होतो.

ता. क. दुसरा. विटा तर विटा.

ता. क. तिसरा आणि खरं काम. हे पत्र मामींना मोठ्याने वाचून दाखवा. मग उठा, आणि चहा तुम्ही आणा. कप काठोकाठ भरा.